अत्तारचाचांचं स्टूल

“पण चाचा, हे स्टूल इथं हवंच कशाला?”

“बसायला.”

“कुणाला?”

चाचांनी शटर पूर्ण वर ढकललं, माठातलं पाणी पेल्यात घेतलं, सदऱ्याच्या खिशातली डबी काढली, त्यातली एक गोळी तोंडात टाकली आणि वर दोन घोट पाणी प्यायले. हा रोजचा नऊचा कार्यक्रम. आठ महिने श्रेणिक मगदूम तो डोळ्यांसमोर बघत होता.

“दुकान आधीच हातभर,” श्रेणिक म्हणाला. “हे स्टूल काढलं तर शांपूचा स्टँड मावेल. नाहीतरी माणसं औषध घेतात आणि जातात. बसतंय कोण?”

चाचा शिंकले. एकदा, मग लागोपाठ दोनदा. रुमालानं नाक पुसलं.

“आज बाजार आहे ना?”

“हो.”

“मग आज काउंटर तुझा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मी बाहेर कट्ट्यावर बसतो. मध्ये एक शब्द बोलणार नाही.”

श्रेणिकला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

“आणि मग... संध्याकाळी?”

चाचांनी भिंतीकडं पाहिलं. त्यांच्या पिवळट पडलेल्या प्रमाणपत्राशेजारी एक खिळा होता. आठ महिने मोकळा.

“संध्याकाळी बघू,” ते म्हणाले.

*

आता हा खिळा काय प्रकार आहे ते सांगायला हवं.

पिंपळसोडात नूरमहंमद अत्तारांचे आजोबा हिरडा, बेहडा, ज्येष्ठमध विकायचे. वडील काढे विकायचे. नूरमहंमद शहरात जाऊन रीतसर शिकून आले आणि पंचक्रोशीतलं पहिलं मेडिकल त्यांनी उघडलं. सरकारी दवाखान्यात डॉक्टर येतात आठवड्यातून तीन दिवस, तेही मनात आलं तर. बाकीचे दिवस सर्दी, पडसं, जुलाब, नायटा, ठेच, चटका, जे काय असेल ते आधी अत्तारांच्या दारात येतं. गावात म्हणतात, अत्तारचाचांकडं गेलं की औषध मिळेलच असं नाही, पण ऐकून मात्र घेतात.

चाचा झाले एकाहत्तर वर्षांचे. औषधांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं दिसेनाशी झाली. मुलगी कराडला शिक्षिका, तिला दुकानात रस नाही. परवान्यावर नाव घालायला दुसरा शिकलेला माणूस मिळाला नाही तर दुकान बंद, आणि पुढचं मेडिकल अठरा किलोमीटरवर. म्हणून त्यांनी मगदूमवहिनींकडं निरोप धाडला होता : तुमचा श्रेणिक येईल का?

श्रेणिक आला. पुण्यातल्या मोठ्या इस्पितळातली नोकरी सोडून आला. येताना सुवर्णपदकाचं प्रमाणपत्र काचेच्या फ्रेममध्ये घालून घेऊन आला. पहिल्याच दिवशी चाचांनी खिळा ठोकला आणि म्हणाले, “लावू. वेळ आली की लावू.” तेव्हापासून ती फ्रेम जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटामागं उभी. आणि श्रेणिकची आई रोज ताट वाढताना विचारायची, “लागली का रे?”

सव्विशीतल्या माणसाला हा प्रश्न रोज जेवणात खडा लागावा तसा लागतो. गेल्या महिन्यात पुण्याच्या इस्पितळातून फोनही आला होता. जागा अजून रिकामी आहे, परत येता का म्हणून. श्रेणिकनं होही म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. आजच्या संध्याकाळी काय ते ठरणार होतं, त्याचंही आणि दुकानाचंही.

*

चाचा कट्ट्यावर जाऊन बसले तसं श्रेणिकनं पहिलं काम केलं. स्टूल उचलून कोपऱ्यात सारलं आणि त्यावर सलाइनच्या बाटल्यांचा खोका ठेवला.

चाचांनी ते पाहिलं. पाहून बाजाराकडं तोंड केलं.

दहाला गर्दी सुरू झाली. आणि खरं सांगायचं तर पोरगा हुशार. उगाच सुवर्णपदक देत नाहीत कुणी.

एक जण जळजळीची गोळी मागायला आला. “कुणाला? कधीपासून? आधी काय घेतलं? दुसरा काही आजार? कसली गोळी चालू?” श्रेणिकचे प्रश्न पाढ्यासारखे आले. काल मटण जास्त झालं एवढंच निघालं. गोळी दिली.

नायट्याचा माणूस शेजाऱ्याची ट्यूब घेऊन आला, हीच द्या म्हणाला. श्रेणिकनं ट्यूब वाचली, बाजूला ठेवली. “यानं आज बरं वाटेल आणि महिन्यात दुप्पट पसरेल,” म्हणाला आणि दुसरी दिली.

अकराच्या सुमाराला एक बाई धापा टाकत आल्या. “जुलाब थांबायची गोळी द्या, लवकर.”

“कुणाला?”

“पोरीला.”

“केवढी आहे?”

“दीड वर्साची.”

श्रेणिकचा हात गोळीकडं गेलाच नाही. “एवढ्या लेकराला ती गोळी द्यायची नसते, मावशी.” त्यानं क्षारांच्या पुड्या दिल्या, लिटरभर पाण्यात कशी कालवायची, चमच्या-चमच्यानं कशी पाजायची ते सांगितलं. मग विचारलं, “डोळे खोल गेलेत का? लघवी होतेय का?” “सकाळपासनं नाही.” “मग पाजत पाजत दवाखान्यात जा. आज डॉक्टर आहेत. आत्ता जा.”

बाई पळत गेल्या. कट्ट्यावर चाचांनी डोळे मिटून मान हलवली. श्रेणिकनं ती हललेली मान बरोबर टिपली.

भेगा पडलेल्या टाचा आल्या. आलेले डोळे आले. चाळीस वर्षांचा खोकला असल्याचं सांगणारे एक आजोबा आले आणि सिरप न घेता विडी सोडायचं वचन देऊन गेले, ते वचन बाजार संपेपर्यंत टिकलं तरी पुष्कळ. श्रेणिक उभ्यानं विचारत होता, माणसं उभ्यानं सांगत होती. कुणाचं काही चुकत नव्हतं. दुपारी डबा खायलाही तो बसला नाही.

चारच्या सुमाराला जरा सामसूम झाली. त्यानं मोजलं. बावीस माणसं. बावीसच्या बावीस बरोबर. मनात म्हणाला, आई, आज लागणार.

तेवढ्यात चाचा कट्ट्यावरून उठले. कोपऱ्यात गेले, खोका उचलून खाली ठेवला, स्टूल काउंटरपुढं आणलं आणि त्यावर बसले.

“नाक चोंदलंय,” ते म्हणाले. “डोकं जड झालंय. काहीतरी दे बाबा.”

“अहो, मग सकाळीच सांगायचं ना चाचा!” श्रेणिकला खरंच वाईट वाटलं. त्यानं लगबगीनं सर्दीचं पाकीट काढलं, एक गोळी कापून दिली, माठातलं पाणी पेल्यात भरून दोन्ही हातांनी पुढं केलं. दोन्ही हातांनी, कारण संस्कार म्हणून काही असतातच. “ही घ्या. अर्ध्या तासात नाक मोकळं.”

चाचांनी गोळी तळहातावर घेतली.

“घेऊ?”

“घ्या ना.”

चाचांनी पेला उचलला. हात ओठांपर्यंत नेला.

“घेऊ?”

“घ्या म्हणतोय ना चाचा. चांगली आहे. खप पण हिचाच जास्त.”

चाचांनी तोंड उघडलं. गोळी जिभेपासून बोटभर अंतरावर थांबली.

“घेऊ?”

...

तिसऱ्या खेपेला श्रेणिकनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. उघडं तोंड, वर केलेला पेला, माठातलं पाणी. हे चित्र त्यानं कुठंतरी पाहिलं होतं. रोज पाहिलं होतं. नऊ वाजता.

“थांबा!”

त्यानं काउंटरवरून वाकून चाचांचं मनगट धरलं. पेला कलंडला. पाणी काउंटरभर पसरलं.

“चाचा... सकाळची ती गोळी कसली?”

“बीपीची. बारा वर्षं झाली.”

श्रेणिकच्या तोंडचं पाणी पळालं. ही सर्दीची गोळी नाक मोकळं करते आणि रक्तदाब चढवते. हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. सकाळपासून त्यानं बावीस जणांना विचारलं होतं, दुसरा काही आजार? कसली गोळी चालू? मटण खाऊन आलेल्यालासुद्धा विचारलं होतं.

“मला का नाही विचारलंस?” चाचांच्या आवाजात राग नव्हता. नाक चोंदलेलं, एवढंच.

“तुम्हाला?”

“हो, मला.”

“तुम्हाला कसं विचारणार चाचा? तुम्ही... तुम्हालाच तर सगळं माहीत. मी शिकतो तुमच्याकडं. तुमचे आजार काढत बसायचे, बरं दिसतं का ते?”

“गुरूला बीपी नसतं?”

श्रेणिक खाली बघू लागला. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण त्या अंधारात आपणच उभे असतो तेव्हा म्हण आठवत नाही. डोळ्यांत पाणी येतं.

चाचांनी गोळी काउंटरवर ठेवली. ओल्या काउंटरवर ती हळूहळू विरघळू लागली.

“बघत होतास तू,” चाचा म्हणाले. “आठ महिने.”

...

श्रेणिक मुकाट्यानं कपाटाकडं गेला. फ्रेम बाहेर काढली. वर्तमानपत्रावरची धूळ झटकली आणि फ्रेम काखेत मारली. घरी आईला काय सांगायचं, याची जुळवाजुळव तो करत होता. पुण्याला फोन आजच करावा लागणार होता.

“कुठं निघालास?”

“चुकलो मी, चाचा.”

“बाजार सहापर्यंत असतो,” चाचा म्हणाले. “दिवस अजून तुझाच आहे.”

ते पुन्हा कट्ट्यावर जाऊन बसले. जाताना स्टूल जागेवरच ठेवून गेले.

*

साडेपाचला तोडकर गुरुजी आले.

गुरुजींनी पिंपळसोडातल्या दोन पिढ्यांना पाढे शिकवले आणि तितक्याच कानांना पिळे दिले. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, तरी ते रस्त्यानं दिसले की मिशा पांढऱ्या झालेली माणसं तोंडातली सुपारी गिळतात. श्रेणिकचा डावा कान त्यांना बघून अजून गरम होतो.

“मगदूम, पोट साफ व्हायचं चूर्ण. नेहमीचं. मोठा डबा.”

“हो गुरुजी.” श्रेणिकचा हात आपोआप वरच्या फळीकडं गेला. डब्याला बोटं लागली.

आणि तिथंच थांबली.

काउंटरवर त्या गोळीचा पांढरा डाग अजून तसाच होता.

“गुरुजी... बसा ना.”

“मी बसायला नाही आलो.”

“दोन मिनिटं.”

“डबा दे आणि मोकळं कर. मागं माणसं आहेत.”

मागं दोन बायका होत्या, पिशव्या घेऊन. श्रेणिकनं डबा खाली घेतलाच नाही. विचारलं, “किती दिवस झाले?”

“कशाला?”

“चूर्ण घ्यायला.”

गुरुजींचा चेहरा तांबडा झाला. “अत्तार!” ते कट्ट्याकडं वळून गरजले. “तुमचा हा पोरगा माझी परीक्षा घेतोय काय?”

चाचा बाजारातल्या मेथीच्या जुड्या बघत होते. फार मन लावून बघत होते.

“मगदूम, तुला पाढे कुणी शिकवले?”

“तुम्हीच, गुरुजी. म्हणून विचारायला जीभ रेटत नाही.” श्रेणिकनं वरच्या फळीवरचा हात खाली घेतला. “...पण विचारतो.”

आणि त्यानं एक गोष्ट केली जी त्यानं दिवसभरात केली नव्हती. काउंटरची फळी वर करून तो बाहेर आला. मागच्या बायकांना म्हणाला, “ताई, जरा पलीकडून एक चक्कर मारून या, लगेच देतो तुम्हाला.” स्टूल त्यानं हातानं पुसलं. गुरुजींकडं नुसतं पाहिलं, आणि स्वतः खाली पायरीवर बसला. शाळेत बसायचा तसाच. मान वर करून.

गुरुजी उभेच होते.

...

मग बसले. गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू बसले. एवढं हळू बसावं लागतं त्यांना, हे श्रेणिकला माहीत नव्हतं.

“चार महिने,” गुरुजी म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता.

“रोज?”

“रोज. आता दोन चमचे घेतो. एकानं भागत नाही.”

“रक्त वगैरे?”

“नाही रे.”

“वजन?”

गुरुजींनी नजर बाजाराकडं वळवली. पण श्रेणिक आता खाली बसला होता आणि त्या उंचीवरून त्यांचा पट्टा समोरच दिसत होता. पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं नवं भोक होतं. त्याच्यापुढं आणखी एक.

“जेवण काय असतं गुरुजी?”

“असतं काहीतरी.”

“काल काय जेवलात?”

“चहा.”

“बरं. आणि?”

“पाव.”

“रात्री?”

“...तेच.”

“भाजी?”

“भाजी कोण करणार?” गुरुजी म्हणाले. “ती गेली तेव्हापासून चूल पेटली नाही.”

श्रेणिकला काकू आठवल्या. शाळेमागच्या खोलीतून फोडणीचा वास यायचा आणि अख्खा वर्ग पाढे चुकायचा. चार महिन्यांपूर्वी तो त्यांच्या मातीला गेला होता. त्यानंतर चार वेळा तरी गुरुजी या दुकानात आले असतील. चार वेळा त्यानंच फळीवरून मोठा डबा काढून दिला होता, दोन्ही हातांनी.

“पाणी किती पिता?”

“कमीच. प्यालं की उठावं लागतं सारखं. हे गुडघे...”

गुरुजी थांबले. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. “चार महिने झाले मगदूम,” ते म्हणाले, “जेवलात का म्हणून कुणी विचारलं नाही. सगळे नमस्कार करतात.”

श्रेणिकनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. ज्या माणसाच्या सावलीला तो कधी पाय लावत नसे, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून तो बसून राहिला.

मग तो म्हणाला, “गुरुजी, आज डबा देत नाही.”

“आं?”

“वजन उतरलंय. ते आधी डॉक्टरांना दाखवायचं. सोमवारी येतात, मी येतो तुम्हाला न्यायला, नऊ वाजता. तोवर पाण्याचा तांब्या उशाशी नाही, हाताशी ठेवायचा, दिवसा. आणि आजपासून आमच्या घरून डबा येईल. पालेभाजी, भाकरी.”

“मला भीक नको कुणाची.”

“भीक कसली? सतराचा पाढा अजून नीट येत नाही मला. डबा द्यायला मी येईन, तेव्हा पाढा म्हणून घ्या.”

गुरुजींनी त्याच्याकडं रोखून पाहिलं. हात वर गेला. श्रेणिकनं सवयीनं डावा कान पुढं केला.

गुरुजींनी कान पिळला नाही. नुसता धरला, क्षणभर, आणि सोडला.

“आईला सांग,” उठता उठता ते म्हणाले, “तिखट जरा कमी.”

ते निघाले. मोठ्या डब्याशिवाय, रिकाम्या हातानं, बाजाराच्या उतारावरून सावकाश. श्रेणिक ते वळणाआड जाईपर्यंत पायरीवरच उभा होता.

*

सहा वाजले. चाचा आत आले.

“चाचा,” श्रेणिक म्हणाला, “आज जवळजवळ सगळे काही ना काही घेऊन गेले. पुड्या, गोळ्या, ट्यूबा. गुरुजींना मी काहीच दिलं नाही.”

चाचांनी त्याच्याकडं पाहिलं.

...

त्यांनी कपाटाला टेकवलेली फ्रेम उचलून तिच्यावरचं वर्तमानपत्र सोडलं. सदऱ्याच्या बाहीनं काच पुसली, एकदा, दोनदा. डोळ्यांजवळ धरून नाव वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग अक्षरांवरून बोट फिरवलं. आणि फ्रेम श्रेणिकच्या हातात दिली.

“लाव.”

आईचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. त्यानं फ्रेम छातीशी धरली आणि खिळ्याकडं पाहिलं. खिळा उंच होता. चाचा मुळातच ताडमाड, त्यांनी आपल्या हातानं ठोकला होता. श्रेणिकनं टाचा उंचावल्या. पुरेना.

त्यानं पायानंच स्टूल जवळ ओढलं आणि एक पाय त्यावर ठेवला.

चाचांनी त्याला अडवत स्टुलावर तळहात ठेवला.

“मग हात कसा पोहोचायचा, चाचा?”

चाचांनी खणातून पक्कड काढली आणि त्याच्यापुढं धरली.

“खिळा खाली घे, श्रेणिक. स्टूल बसायलाच राहू दे.”